‘घरबसल्या डिग्री’चा तो फॉर्म मीच भरून दिला होता

माझा मामेभाऊ उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला होता. हात चांगला. ड्रॉइंग एकदा बघितलं की जॉब लावायचा, पुन्हा विचारायला यायचा नाही. बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळं शिक्षण सुटलं ते सुटलंच. सुपरवायझरची जागा निघाली की दर वेळी त्याला एकच वाक्य ऐकायला मिळायचं, ‘डिग्री असती तर बघितलं असतं.’

२०१९ च्या पावसाळ्यात तो एक पत्रक घेऊन घरी आला. ‘घरबसल्या पदवी. एका वर्षात बी.कॉम. परीक्षा तुमच्या सोयीनं. शासनमान्य. प्रश्नपत्रिका मराठीतून.’

“काय गा, खरं असंल काय हे?” त्यानं विचारलं.

मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो. घरात शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला किंमत होती. मी पत्रक उलटंसुलटं करून बघितलं. आयएसओचा शिक्का होता, राजमुद्रेसारखं दिसणारं एक चित्र होतं आणि ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द ठळक अक्षरांत होता. मी म्हटलं, “असंल की. एवढं छापलंय म्हणजे.” आणि फॉर्म मी भरून दिला.

अठ्ठेचाळीस हजार रुपये, तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता मामीनं भिशीतून उचलून दिला. परीक्षा एका क्लासच्या वरच्या मजल्यावर झाली, पुस्तकं उघडी ठेवून. सर खाली चहाला गेले होते. वर्षभरानं एका लिफाफ्यात तीन वर्षांच्या तीन मार्कशीट आल्या. त्यांवरच्या तारखाही तीन वेगवेगळ्या वर्षांच्या. ज्या वर्षी तो पहिल्या वर्गात ‘प्रथम वर्ष’ पास झाला होता, त्या वर्षी त्यानं त्या क्लासची पायरीसुद्धा बघितली नव्हती. ते बघून आम्ही दोघं हसलो. आज लिहिताना लाज वाटते, पण हसलो.

२०२१ मध्ये गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत त्याला लाईन सुपरवायझरची नोकरी लागली. पाच महिने झाले आणि कागदपत्रांची पडताळणी आली. कंपनीनं ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलं होतं. एजन्सीचा अहवाल दोन ओळींचा होता. पदवी देणारी संस्था मान्यताप्राप्त विद्यापीठांत आढळली नाही, आणि उमेदवारानं चुकीची माहिती दिली. यातली दुसरी ओळ जास्त लागली. नोकरी गेली, पाचव्या महिन्याचा पगार अडकला. परत आला तेव्हा उद्यमबागेतली जुनी जागाही भरली गेली होती.

हे सगळं मी आत्ता लिहितोय, कारण बारावीचे निकाल लागले की आपल्याकडं पुन्हा तीच पत्रकं फिरायला लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर-भालकी, कारवार, सगळीकडं. व्हॉट्सअॅपवरही येतात. पाठवणारे अनोळखी नसतात, आपल्याच गल्लीतला कुणीतरी असतो, त्याला प्रत्येक प्रवेशामागं कमिशन मिळतं.

तर आधी कायदा काय म्हणतो ते बघू. कंटाळवाणं वाटंल, पण एवढं एक कळलं असतं तर आमचे अठ्ठेचाळीस हजार वाचले असते.

भारतात पदवी देण्याचा अधिकार कुणाला आहे, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ मध्ये सरळ लिहिलेलं आहे. संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम ३ खाली केंद्र सरकारनं जाहीर केलेलं अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेनं कायदा करून खास अधिकार दिलेली संस्था. बास. चौथा प्रकार नाही. कलम २३ सांगतं की यांच्याशिवाय कुणी आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द वापरायचा नाही.

म्हणजे एजंटला विचारायचा प्रश्न ‘मान्यता आहे काय?’ हा नव्हे. त्याला तो ‘आहे की!’ असंच उत्तर देणार. विचारायचं असं, ‘हे विद्यापीठ कुठल्या कायद्यानं स्थापन झालं? कायद्याचं नाव आणि वर्ष सांगा.’ बेळगावात व्हीटीयू आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. त्यांच्या ऑफिसातल्या शिपायालाही याचं उत्तर सापडंल. क्लासच्या वरच्या मजल्यावरच्या सरांना सापडणार नाही.

ते तुम्हाला दुसरे कागद दाखवतील. सोसायटी नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवतील, १८६० च्या कायद्याखालचं. पण त्या कायद्याखाली आपलं गणेशोत्सव मंडळही नोंदवता येतं, म्हणून मंडळानं बी.ए.ची पदवी द्यायची काय? ट्रस्टची नोंदणी दाखवतील. उद्यम नोंदणी दाखवतील, ती तर गिरणीवाल्यालाही मिळते. आयएसओ दाखवतील. आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं, पदवी देण्याच्या अधिकाराशी त्याचा काडीचा संबंध नाही. शेवटी म्हणतील, ‘आम्ही ऑटोनॉमस आहोत, आम्हाला यूजीसीची गरजच नाही.’ हे वाक्य ऐकलं की चप्पल घालायची आणि निघायचं.

एक पळवाट मात्र लक्षात ठेवा. कलम २२ हे आयोगानं अधिसूचित केलेल्या पदव्यांपुरतं आहे. म्हणून ही मंडळी पावतीवर ‘पदवी’ लिहित नाहीत, ‘डिप्लोमा’, ‘ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅम’, ‘पदवी समकक्ष’ असलं काहीतरी लिहितात. तोंडानं बी.कॉम. म्हणतात. नंतर तक्रार केली की पावती पुढं करतात.

यूजीसी दर काही काळानं बोगस विद्यापीठांची यादी काढते. त्यात दिल्लीच्या दर्यागंजातली ‘कमर्शियल युनिव्हर्सिटी लिमिटेड’ आहे. दिल्लीतच एक ‘युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटी’ही आहे. संयुक्त राष्ट्रांचं खरं विद्यापीठ टोकियोत आहे आणि त्याचा या दिल्लीवाल्यांशी संबंध नाही. महाराष्ट्रातून नागपूरचं राजा अरेबिक विद्यापीठ वर्षानुवर्षं त्या यादीत होतं. आणि कर्नाटकातून? बडगणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी, गोकाक, जिल्हा बेळगाव. होय, आपल्या गोकाकचं. आपण धबधबा बघायला जातो त्या गोकाकचा पत्ता यूजीसीच्या यादीत अनेक वर्षं छापून येत होता, आणि आपल्यातल्या किती जणांनी ती यादी कधी उघडून बघितली होती? मी तरी नव्हती. (नावातला ‘सरकार’ हा शब्द बघा. गावाकडच्या माणसाला तेवढा पुरतो.)

आता असं बोर्ड लावणाऱ्याला शिक्षा काय? त्याच कायद्याचं कलम २४ बघा. दंड, जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५६ साली ती रक्कम मोठी होती. आज एका विद्यार्थ्याच्या पहिल्या हप्त्यात असे पंधरा-सोळा दंड भरता येतात. फसवणुकीचा वेगळा गुन्हा नोंदवता येतो, पण त्यासाठी कुणीतरी पोलीस ठाण्यात जाऊन ‘मी फसलो’ म्हणायला पाहिजे. आणि तिथंच गाडी अडते. कारण फसलेला माणूस अर्धा फसलेला असतो आणि अर्धा सामील असतो. तीन वर्षांच्या मार्कशीट एका लिफाफ्यात आल्या तेव्हा आम्ही हसलो होतो, ते सांगितलं ना वर? तसा हसलेला माणूस फौजदाराकडं कसा जाईल?

इथं एक फरक समजून घेतला पाहिजे, कारण पोरं दोन्ही गोष्टी एकत्र करतात. अधिकार नसलेल्या संस्थेची पदवी ही निरुपयोगी असते. ती घेतली म्हणून तुम्ही गुन्हेगार होत नाही, तुम्ही फसलेले असता. पण मागच्या तारखेचे कागद, न दिलेल्या परीक्षेचे गुण, खऱ्या विद्यापीठाच्या नावाची बनावट मार्कशीट, हे खोटे दस्तऐवज झाले. ते खरे आहेत असं सांगून नोकरीसाठी सादर केले की भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची आणि बनावट दस्तऐवज वापरण्याची कलमं लागू शकतात. सरकारी नोकरी असेल तर दहा वर्षांनीसुद्धा जाते. ‘बॅकडेट करून देतो’ म्हणणारा एजंट तुम्हाला पहिल्या खड्ड्यातून उचलून दुसऱ्यात टाकत असतो. दुसरा जास्त खोल आहे.

आता जरा अवघड भाग. सगळी फसवणूक बोगस विद्यापीठांचीच असती तर यादी बघून काम भागलं असतं. पण विद्यापीठ अगदी खरं, विधिमंडळाच्या कायद्यानं झालेलं, आणि तरी पदवी अडकली, असंही झालेलं आहे. तेसुद्धा लांब कुठं नाही.

म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ चं. राज्याचं अधिकृत विद्यापीठ. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी, पोलिसांनी, अंगणवाडी सेविकांनी तिथून पदव्या घेतल्या. त्या विद्यापीठानं खाजगी संस्थांशी करार करून राज्याबाहेर केंद्रं काढली, तांत्रिक अभ्यासक्रमही चालवले. जून २०१५ मध्ये यूजीसीनं जाहीर केलं की २०१२-१३ नंतर या विद्यापीठाच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमांना मान्यता नाही. मान्यता परत मिळाली ती २०१८ मध्ये, २०१८-१९ या वर्षापासून पुढची. मधल्या काळात ज्यांनी प्रवेश घेतला त्यांनी काय चूक केली होती? काहीच नाही. फी भरली, अभ्यास केला, परीक्षा दिल्या. पण नोकरीत बढती मागायला गेले की ‘तुमचं वर्ष कुठलं?’ हा प्रश्न यायचा. अशी माणसं तुमच्या ओळखीतही असतील.

तशीच गोष्ट इंजिनिअरिंगच्या पदव्यांची. राजस्थान, उत्तर प्रदेश, तमिळनाडूतल्या चार अभिमत विद्यापीठांनी २००१ पासून दूरशिक्षणानं इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या. बहुतेक विद्यार्थी नोकरी करणारे डिप्लोमाधारक होते, बढतीसाठी शिकत होते. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित, एआयसीटीईची परीक्षा पास झाले तरच जिवंत होणार. त्यानंतरच्या पदव्या थेट रद्द, फी परत. विचार करा, चाळिशी ओलांडलेला माणूस, पंधरा वर्षं इंजिनिअर म्हणून काम केलेला, आणि त्याला पुन्हा इंजिनिअरिंगच्या परीक्षेला बसायला सांगितलं.

छत्तीसगडमध्ये तर २००२ च्या एका कायद्याचा आधार घेऊन शंभरावर, नेमकं सांगायचं तर ११२ खाजगी विद्यापीठं उभी राहिली. उभी कसली, कागदावर आली. कित्येकांना इमारत नाही, प्राध्यापक नाहीत. यूजीसीचे माजी अध्यक्ष आणि शास्त्रज्ञ प्रा. यशपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्याची ती कलमं रद्द झाली. म्हणजे कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ असलं तरी डोळे झाकून चालत नाही.

मग बघायचं काय? दूरशिक्षणाची मान्यता ही विद्यापीठाला एकदा मिळाली की कायमची, असं नसतं. ती अभ्यासक्रमानुसार आणि सत्रानुसार असते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि सत्र, तिन्ही जुळतंय का ते बघायचं. २०१३ पर्यंत हे काम इग्नूखालच्या दूरशिक्षण परिषदेकडं होतं, तेव्हाची पत्रं दाखवून कुणी ‘डीईसी मान्य’ म्हणत असेल तर तो जुना कागद आज कामाचा नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा, फिजिओथेरपी असले अभ्यासक्रम दूरशिक्षणानं होतच नाहीत. पीएच.डी. तर नाहीच नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि पोषणशास्त्रही त्यातून काढलंय. आणि २०२४ पासून दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो तुमच्या मोबाईलवर, तुमच्या आधारवर निघतो. ‘त्याची काही गरज नाही, आम्ही बघून घेतो’ असं कुणी म्हटलं तर समजून जा.

या अटी पाळून मिळालेली पदवी मात्र पूर्ण पदवी आहे. नियमित कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची. २०२० च्या नियमांत ते आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं पुन्हा स्पष्ट केलंय. ‘बाहेरून केलीय’ म्हणून नाक मुरडणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना हे सांगा. दूरशिक्षण वाईट नाही. दिवसा काम करून रात्री शिकणाऱ्याला तोच एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर दरोडेखोर बसलेत म्हणून माझा संताप आहे.

आता आपल्या भागाचं बोलू. पत्रकावरची शेवटची ओळ आठवते? ‘प्रश्नपत्रिका मराठीतून.’ माझ्या मामेभावाला आयएसओनं भुलवलं नव्हतं. त्याला त्या ओळीनं भुलवलं. तो मराठी शाळेत शिकलेला. इंग्रजीची भीती, कन्नड बोलायला येतं पण लिहायला नाही. कर्नाटकाच्या मुक्त विद्यापीठात शिकायचं तर कन्नड नाहीतर इंग्रजी. इग्नू देशभर आहे, पण तिथला कारभार मुख्यतः इंग्रजी-हिंदीचा. मराठीतून मुक्त शिक्षण देणारं मोठं विद्यापीठ एकच, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ पासूनचं. पण नियम असा की राज्याच्या विद्यापीठानं दूरशिक्षणाची केंद्रं आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर काढायची नाहीत.

नियम आला कशाला हे वर लिहिलंच आहे. खाजगी एजंटांनी दुसऱ्या राज्यांत केंद्रांची दुकानं लावली होती, त्यांना चाप बसवायला. नियम योग्यच आहे. पण त्याची झळ कुणाला बसली? ज्यांची भाषा हद्दीच्या एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला आहे, त्यांना. दरोडेखोरांसाठी लावलेल्या कुंपणात आपली पोरं अडकली. निपाणीच्या पोराला निदान कागल-कोल्हापूर जवळ आहे, बेळगावच्या पोराला चंदगड. खानापूरच्या आतल्या गावातल्या पोरीनं काय करायचं? भालकीच्या पोरीनं? घरचे तिला दर रविवारी दोन बस बदलून संपर्क सत्राला पाठवतील? एजंट मात्र तिच्या दारात येतो आणि मराठीत बोलतो.

म्हणून मला वाटतं की आपण मागणी नीट केली पाहिजे. आपल्या निवेदनांत दर वर्षी ‘सीमाभागात शैक्षणिक सुविधा द्या’ असं एक वाक्य असतं. त्या वाक्यानं काही होत नाही. कारण मंत्र्याला ‘देऊ’ म्हणता येतं आणि दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक नसतो. नेमकं मागावं. यूजीसीच्या नियमांत हद्दीचं बंधन दूरशिक्षणाच्या केंद्रांना आहे, मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमांना नाही. ऑनलाइन पद्धतीत विद्यार्थी देशात कुठंही असू शकतो. मग मराठी माध्यमातले बी.ए., बी.कॉम. रीतसर मान्यता घेऊन ऑनलाइन चालवा आणि सीमाभागातल्या विद्यार्थ्यांच्या फीची सोय करा, हे महाराष्ट्र सरकारला आणि तिथल्या विद्यापीठांना आजच मागता येतं. त्याला सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या दाव्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. कर्नाटकाची परवानगी लागत नाही. गावागावांत वाचनालयं आहेत, मंडळांच्या खोल्या आहेत, तिथं दोन कॉम्प्युटर आणि चांगलं नेट बसवायला कुणाचा विरोध असायचं कारण नाही.

आणि दुसरी गोष्ट थोडी आपल्याच घरातली. या क्लासवाल्यांचे ‘पदवीदान समारंभ’ कुठं होतात? आपल्याच सभागृहांत. प्रमुख पाहुणे कोण? आपलेच पुढारी. भगवे फेटे बांधून फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतात, आणि तो फोटो पुढच्या वर्षीच्या पत्रकावर छापला जातो. काहींना तर तिथंच ‘मानद डॉक्टरेट’ मिळते. शहरात अचानक फ्लेक्सवर ‘डॉ.’ वाढलेत ते का, हे तुम्हाला माहीत आहे. कुठल्या परदेशी नावाच्या संस्थेनं दिली, कशासाठी दिली, कुणी विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे आपल्या माणसाचा अपमान! अरे, आपला माणूस आहे म्हणूनच विचारायला पाहिजे ना?

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, नियमित कॉलेजात तरी काय शिकवतात? तिथंही पोरं गाईड वाचून पास होतात, वर्ग रिकामे असतात. मग गरिबानं पैसे देऊन एक कागद घेतला तर एवढं काय बिघडलं? हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण फॉर्म भरताना माझ्याही डोक्यात तोच होता. कॉलेजांची परिस्थिती खरंच तशी आहे. पण कागद तपासला कुणाचा जातो? ज्याची वशिल्याची ओळख नाही, ज्याचा काका कंपनीत नाही, त्याचा. नेत्याच्या फ्लेक्सवरचा ‘डॉ.’ कुणी तपासत नाही. वेर्ण्याला पाच महिने काम केलेल्या पोराचा बी.कॉम. तपासतात.

आपल्या बाबतीत आणखी एक आहे. महाराष्ट्र शासनाच्या भरतीच्या जाहिरातींत ८६५ गावांतल्या उमेदवारांचा उल्लेख असतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला दाखवून आपली पोरं अर्ज करू शकतात. तो दाखला मिळवायलाच किती हेलपाटे पडतात हे तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारा. आता त्याच फाइलमध्ये, त्या दाखल्याच्या मागं, क्लासच्या वरच्या मजल्यावरची मार्कशीट लावलेली असेल तर? पडताळणी करणारा कारकून एकदा पकडतो, दोनदा पकडतो, आणि तिसऱ्या वेळी सीमाभागातली फाइल आली की आधीच भुवई चढवतो. मग प्रामाणिकपणे सहा वर्षं लावून बी.ए. झालेल्या खानापूरच्या पोरीची फाइलही बाजूला पडते. तिनं कुणाचं काय बिघडवलंय?

ज्यांनी आधीच पैसे भरलेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. लपवू नका. पावत्या, पत्रक, यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, सगळं एका ठिकाणी जमा करा. ती पदवी बायोडाटातून आज काढून टाका, बारावी लिहा. बारावी खरी आहे. नोकरीत आधीच लावली असेल तर वकिलाशी बोला, गप्प बसून वर्षं काढू नका. सेवेची जाहिरात एक आणि दिलं दुसरंच, म्हणून ग्राहक आयोगात दाद मागता येते. पोलिसांत तक्रार करायची तर पाच-सहा जणांनी मिळून करा, एकट्याला हाकलून देतात.

आम्ही तक्रार केली नाही. क्लास दोन वर्षांत बंद झाला, बोर्ड उतरलं, आता तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सर दुसऱ्या नावानं दुसऱ्या शहरात असावेत. मामेभावानं एकतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातलंय, सीमेपलीकडच्या एका तालुक्याच्या गावी, खऱ्या विद्यापीठाच्या केंद्रात. या वेळी फॉर्म त्यानं स्वतः भरला. मला फक्त मोबाईलवर यादी उघडून दाखवली, नाव, अभ्यासक्रम, सत्र, तिन्हींवर बोट ठेवून. शनिवारी रात्रपाळी असली तर रविवारी पहाटेच्या बसमध्ये झोपत जातो.

जुनी पदवी मामीनं लॅमिनेट करून घेतली होती, ती अजून कपाटात साड्यांच्या खाली आहे. मी एकदा म्हटलं, फाडून टाक की ती. तर म्हणाली, “राहू दे गा. पैसे मोजलेत त्याचे.”